पोटॅशियम बारा

बदला घ्यायला निघताना माणसाने पोटभर खाऊन निघावं असं माझं मत. पण माझा बदला नेमका उपाशीपोटी घ्यायचा होता, कारण सगळ्या तपासण्यांसाठी रक्त द्यायचं तर पोट रिकामं लागतं. चहासुद्धा न घेता निघाले. आमचे हे दारात उभे.

"तू? फुकटात रक्त द्यायला चाललीस? कुणाचं प्यायला निघालीस ते खरं सांग."

"आल्यावर सांगते. आणि पोलिसांचा फोन आला तर मी घरी नाही म्हणा."

"अगं, तू घरी नसशीलच!"

"मग खोटं बोलायचा त्रासही वाचला तुमचा."

माझं पोशाख भाड्याने द्यायचं दुकान आहे. राजा, वाघ, पोलीस, भूत, काय हवं ते घेऊन जा, वेळेत परत आणा. पन्नाशी आली तरी माझ्या खोड्या गेल्या नाहीत. घरमालकाने दुकानाचा नळ बंद केला, तेव्हा वाघाच्या पोशाखात चिंध्या भरून मी तो त्याच्या जिन्यात बसवला होता. आठवडाभर माणूस मागच्या दाराने ये-जा करत होता. पण ती नुसती गंमत होती. ह्या वेळी मला कुणी हसायला नको होतं. एका माणसाच्या कडक इस्त्रीच्या कॉलरखालून घामाची धार निघालेली मला बघायची होती.

तो माणूस म्हणजे लॅबचा मुख्य टेक्निशियन. कोटाला कधी सुरकुती नाही, म्हणून मी त्याचं नाव ठेवलंय इस्त्रीसाहेब. आणि ज्या लॅबचा तो मुख्य, तिथे माझी धाकटी बहीण कामाला होती. चाळिशी उलटली तरी आम्ही तिला धाकटीच म्हणतो. रक्ताचे नमुने घ्यायची आणि नव्या मुलामुलींना ते घ्यायला शिकवायची. हात एवढा हलका, की सुई निघाली तरी लोक डोळे मिटून बसलेले असायचे, "घ्या ना आता!" म्हणत.

शिकवण्याचं तर वेडच तिला. एकदा माझ्या दुकानात बसून मलाच शिकवायला लागली. "ताई, हृदय म्हणजे तुझं दुकान समज. धुतलेले पोशाख बाहेर पडतात ते धमन्यांतून. दणक्यात, उड्या मारत. म्हणून धमनीवर बोट ठेवलं की ठोके लागतात. पोशाख गावभर वापरले जातात, मळतात, आणि शिरांमधून निवांत परत येतात."

"निवांत कसले! आठ-आठ दिवस उशिरा आणतात मेले."

"शिरेला तशी सोय नाही. आत झडपा असतात, रक्ताला मागे फिरताच येत नाही. मळके पोशाख दुकानात आले की धुलाईला, म्हणजे फुप्फुसात. तिथून परत दुकानात आणि पुन्हा बाहेर. मग आम्ही दंडाला पट्टा का बांधतो?"

"माणूस पळून जाऊ नये म्हणून."

"परतीचा रस्ता अडवायला! येणारं रक्त खोल धमनीतून येतच राहतं, जाणारं अडतं, गर्दी होते, शीर फुगते. मग कोपराच्या खळगीत बोटाने दाबायचं. रबरासारखी मऊ दबून वर आली तर शीर. आतून ठोका दिला तर हात काढून घ्यायचा, ती धमनी."

असं बोलताना तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. तो चेहरा ह्या इस्त्रीने घालवला.

झालं असं. एक आजी होत्या, शिरा दोऱ्यासारख्या बारीक. धाकटी त्यांच्या घरी नमुना घ्यायला गेली. पोटॅशियम, कॅल्शियम वगैरे मोजायच्या पिवळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये आधी घेतलं, ते तळालाच राहिलं. जांभळ्या बुचाची मात्र कशीबशी भरली, आणि शीर बसली, रक्त येईना. तिने लॅबमध्ये ट्यूबा देताना सांगितलं, "पिवळीत कमी आहे, संध्याकाळी जाऊन परत घेते." थोड्या वेळाने रॅकमध्ये बघते तर पिवळी चांगली अर्धी भरलेली!

आता जांभळ्या ट्यूबमध्ये काय असतं, हे मला आधी कुठे माहीत होतं. रक्त गोठू नये म्हणून तिच्यात औषध असतं. त्या औषधात पोटॅशियम असतं, आणि ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. म्हणून त्या ट्यूबमधलं रक्त पिवळीत एवढंसं जरी गेलं, तरी पोटॅशियम आकाशाला भिडतं आणि कॅल्शियम गायब होतं. माणूस ठणठणीत आणि रिपोर्ट मात्र मरणाचा. म्हणूनच तर पिवळी आधी, जांभळी मागाहून.

आजींचा रिपोर्ट तसाच आला. घरच्यांनी घाबरून दवाखान्यात नेलं, छातीला वायरी, हाताला इंजेक्शनं. दुसऱ्या दिवशी कळलं, आजींना काहीच झालेलं नव्हतं. झालं होतं ते इंजेक्शनांनीच! मग कुटुंब लॅबमध्ये आलं भांडायला, आणि आजी व्हीलचेअरमध्ये बसून सगळ्यांच्या पुढे.

इस्त्रीसाहेब शांतपणे म्हणाले, "नमुना हिने घेतला. जांभळी आधी भरून तीच सुई पिवळीत घातली असणार. शिकवताना पोरांना काय शिकवत असेल देव जाणे."

धाकटी म्हणाली, ट्यूब नंतर कुणीतरी भरली. लॅबच्या मालकीण डॉक्टरांनी विचारलं, "कुणी?" इस्त्रीसाहेब हसले. एवढी वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसाच्या हसण्यापुढे धाकटीचं बोलणं कोण ऐकणार? तिला काढलं. वर सगळीकडे झालं, "आजींना मरणाच्या दारात नेणारी तीच ना?" दुसरी लॅब तिला दारात उभं करेना. धाकटी घरात बसली, आणि कांदा चिरतानासुद्धा तिचा हात थरथरायला लागला. सुई धरणारा हात होता तो. तो असाच थरथरत राहिला तर उद्या कुणी नोकरी दिली तरी काय उपयोग?

"त्याने असं का केलं असेल गं?" मी विचारलं.

"भिंतीवर पाटी आहे ना त्याची. 'एक टोचणी, बस्स.' परत टोचायला माणूस पाठवला तर पाटी खोटी ठरते. कमी पडलं की तो इकडचं तिकडे ओततो, मला आधीपासून शंका होती. ताई, तू काही करू नकोस हं. मला तुझे डोळे दिसतायत."

"मी? मी काय करणार? मला ट्यूबांचे रंगसुद्धा नीट कळत नाहीत."

आणि पंधरवड्याने मी त्या लॅबच्या खुर्चीत बसले होते, बाही वर करून.

नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी इस्त्रीसाहेब स्वतः विद्यार्थ्यांसमोर नमुना घेऊन दाखवतात. त्यासाठी बाहेर जाहिरात असते: हात द्या, सगळ्या तपासण्या मोफत. सगळ्या, म्हणजे पिवळी ट्यूब चांगली भरलेली हवी. आणि आजींच्या भानगडीनंतर डॉक्टरांनी नियम केला होता, तो धाकटीला तिथल्या मैत्रिणीकडून कळलेला आणि मला धाकटीकडून: जिवावरचा कुठलाही आकडा आला की मशीनवरून तो थेट डॉक्टरांच्या फोनवर. मध्ये कुणाचा हात लागायचा नाही.

खोलीत भिंतीला लागून विद्यार्थी उभे, सगळे पांढऱ्या कोटात. त्यातली एक चष्मेवाली पुढे घुसली होती, शेजारच्याच्या पायावर पाय देऊन. डॉक्टर दाराशी हाताची घडी घालून उभ्या. आणि भिंतीवर ती पाटी.

"मावशी, घाबरायचं नाही," इस्त्रीसाहेब म्हणाले.

"मावशी कुणाला म्हणता? वयाने तुम्ही मला काका लागाल," मी म्हटलं. पोरं फिसकन हसली. कॉलर जराशी हलली.

त्यांनी दंडाला पट्टा बांधला, बोटाने शीर चाचपली. हात सुंदर चालत होता, खोटं कशाला बोलू. कापसाने पुसलं, सुकू दिलं, सुई गेली ती मला कळलीसुद्धा नाही. "पाहिलंत? रक्त आलं की पट्टा सैल. मिनिटाच्या वर बांधून ठेवायचा नाही. आणि मी एकदाच टोचतो. माझ्या हातून दुसरी टोचणी झालेली कुणी पाहिलेली नाही."

सिरिंजमध्ये रक्त चढायला लागलं. एक. दोन. तीनच्या रेषेला आलं आणि मी शिंकले.

नाटकवाल्यांच्या संगतीत मी हुकमी शिंक शिकले आहे. त्या शिंकेने एकदा थिएटरमधला दिव्यांचा माणूस शिडीवरून उतरला होता. हात उडाला, सुई बाहेर, कापूस उडाला, चष्मेवालीच्या तोंडून "आई गं!" निघालं. माझ्या खळगीत टेंगूळ आलं ते वेगळंच. पण तोवर मी डोळ्यांत पाणी आणून म्हणत होते, "माफ करा हो साहेब, शिंक काय विचारून येते का?"

डॉक्टर पुढे आल्या. "कमी आहे का? दुसऱ्या हातातून घ्या परत."

इथेच सगळं ठरणार होतं. त्या क्षणी तो माणूस "हो, परत घेतो" एवढं म्हणाला असता, तर माझा सापळा फुकट गेला असता. मी टेंगूळ घेऊन घरी गेले असते, आणि धाकटीला काय सांगायचं ह्याचा विचार करत बसले असते. मी त्याच्याकडे बघत होते. त्याने पाटीकडे पाहिलं, मग पोरांकडे.

"गरज नाही मॅडम. भरपूर आहे."

त्याने सगळ्यांसमोर पिवळीत थोडं घातलं, ते तळाला राहिलं. उरलेल्या रक्ताने जांभळी ट्यूब रेषेपर्यंत भरली. ट्यूबा घेऊन तो काचेच्या पार्टिशनमागे गेला, पाठ आमच्याकडे. बाहेर येऊन पिवळी गरगर फिरणाऱ्या मशीनमध्ये ठेवली तेव्हा ती अर्ध्याच्या वर होती. चष्मेवालीने कपाळाला आठ्या घातल्या.

"सर, सिरिंजमध्ये तर..."

"आधी ऐकायला शिका, मग बोलायला," इस्त्रीसाहेब म्हणाले, आणि फळ्यावर हृदय काढायला लागले.

मग तासभर त्यांनी रक्ताभिसरण शिकवलं. मी मागच्या बाकावर बसून केळं खात होते. बाण काढले, झडपा काढल्या, सगळं बरोबर. फक्त माझ्या धाकटीसारखं नाही. एका मुलाची मान डुलकीने खाली आली, त्याला मी कोपरानं ढोसलं. म्हटलं, "उठ बाळा, आता मजा आहे."

दार धाडकन उघडलं. डॉक्टर आत आल्या, हातात फोन, चेहरा पांढराफटक. "त्या बाई कुठायत? गेल्या का? फोन लावा त्यांना!"

"मी इथे," मी हात वर केला. केळ्यासकट.

"हलू नका! बसून राहा. छातीत धडधडतंय? हातपाय गळाल्यासारखे वाटतायत?"

"भूक लागलीय, बाकी काही नाही. झालं काय?"

"तुमचं पोटॅशियम बारा आलंय!"

"चांगलं किती असतं?" मी विचारलं, अगदी बावळट तोंड करून.

"साडेतीन ते पाच."

"आणि कॅल्शियम?"

"जवळजवळ नाहीच."

मी चष्मेवालीकडे वळले. "म्हणजे काय गं बाळा, माझं कसं आहे?"

ती बिचारी अडखळली. "म्हणजे, मावशी... तुम्ही असायला नको होतात."

"ऐकलंत साहेब?" मी उठले. "मी वारले. आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही!" मी बाकांच्या मधल्या वाटेने उड्या मारत फळ्यापर्यंत गेले आणि परत आले. डॉक्टर मागे धावल्या, "अहो, थांबा, थांबा!" दोघा विद्यार्थ्यांनी मला धरून झोपवलं, छातीला वायरी चिकटवल्या. कागद बाहेर आला. माझं हृदय त्या कागदावर नीट ठेका धरून चाललं होतं.

डॉक्टरांनी तो कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. मग हळूच म्हणाल्या, "नमुना कुणी घेतला?"

हा प्रश्न मी कानांनी ऐकला नाही, जिभेने चाखला.

सगळ्या खोलीने पाहिलेलं होतं कुणी घेतला ते. इस्त्रीसाहेबांच्या कॉलरवर मला पहिला थेंब दिसला.

"मशीन बिघडलं असेल," ते म्हणाले.

"सकाळीच तपासलंय. बाकी सगळ्यांचे रिपोर्ट ठीक आहेत."

"बाई शिंकल्या ना. त्या धक्क्याने पेशी फुटल्या असतील."

"शिंकेने बारा?" डॉक्टर म्हणाल्या. "आणि कॅल्शियम शिंकेबरोबर उडालं?"

"मॅडम," चष्मेवाली म्हणाली. "सिरिंजमध्ये तीनच होतं. जांभळी सरांनी आमच्यासमोर रेषेपर्यंत भरली होती."

डॉक्टर पार्टिशनमागे गेल्या आणि जांभळी ट्यूब उजेडात धरून बाहेर आल्या. रक्त रेषेच्या कितीतरी खाली होतं.

मी वायरी काढत उठून बसले. "डॉक्टर, त्या आजी होत्या ना, व्हीलचेअरवर आल्या होत्या. त्यांचं किती आलं होतं?"

"अकरा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट बघून, "तुम्हाला काय माहीत? तुम्ही कोण?"

"त्यांचा नमुना घेणारी माझी धाकटी बहीण. तेव्हा तुमच्या ह्या साहेबांनी सांगितलं, नमुना घेणारीची चूक. बरोबर आहे. नियम नियमासारखा असावा. आज नमुना ह्यांनी घेतला. आता बोला साहेब, चूक कुणाची?"

इस्त्रीसाहेबांनी ओठ चाटले. "सगळीकडे करतात असं. एवढंसं ओतल्याने काही..." वाघाचा पोशाख चिंध्या काढल्यावर जसा दिसतो ना, तसा तो कोट दिसत होता.

डॉक्टरांनी स्वतः फोन करून धाकटीला बोलावलं. ती घरच्या कपड्यांत, चपला उलटसुलट घालून धावत आली. कुणाकडे बघितलं नाही, थेट माझ्या हाताकडे. "हे काय गं! केवढा काळानिळा झालाय! तुला सांगितलं होतं ना, काही करू नकोस म्हणून?"

"मी काहीच केलं नाही. शिंकले फक्त."

"तुझी शिंक मला माहीत आहे!" तिचे डोळे भरले होते, ओरडत मात्र माझ्यावरच होती.

डॉक्टर म्हणाल्या, "माझी चूक झाली. मी एकाच बाजूचं ऐकलं. उद्यापासून या, शिकवणंही तुमच्याचकडे. आणि ह्यांचं काय करायचं, ते मी..."

"थांबा मॅडम," धाकटी म्हणाली. मला वाटलं, आता ही भोळी त्याला माफ करणार. पण ती इस्त्रीसाहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली. "मी येईन. पण आधी ह्यांनी आजींना फोन करायचा. आत्ता. इथून. सगळ्यांना ऐकू येईल असा."

"मुलांसमोर?" इस्त्रीसाहेब म्हणाले.

"मला शिव्या पडल्या तेव्हा काय मुलं नव्हती?"

मला काय वाटलं सांगू? असं वाटलं की आजवरच्या सगळ्या खोड्या मी उगाचच केल्या, खरी खोडकर घरात दुसरीच आहे.

फोन लागला. आजींनीच उचलला. इस्त्रीसाहेबांनी घसा साफ केला आणि एक-एक शब्द दात उपटल्यासारखा बाहेर काढला. ट्यूब मी भरली होती. जांभळीतलं रक्त पिवळीत मी ओतलं. त्या मुलीची काही चूक नव्हती.

मग आजी म्हणाल्या, "म्हणजे रात्रभर मला जी इंजेक्शनं टोचली, ती तुझ्यामुळे?"

"हो."

"आणि त्या पोरीला मी एवढ्या शिव्या घातल्या, त्या तिच्या नव्हत्याच?"

"नाही, आजी."

"मग कुणाच्या होत्या?"

इस्त्रीसाहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होत्या.

"माझ्या."

"उभा आहेस की बसलायस?"

"उभा आहे."

"मग तसाच ऐक. फोन ठेवलास तर व्हीलचेअर घेऊन येईन तिथे." आणि आजींनी सुरुवात केली. पहिलीच शिवी ऐकून एका मुलाने तोंडावर हात धरला. मी तर खुर्ची पुढे ओढून नीट बसले. उपाशीपोटी निघण्याचं सार्थक झालं होतं.

धाकटीने माझ्या दुसऱ्या हाताची बाही वर केली. "चल, तुझा नमुना अजून बाकी आहे. खरं पोटॅशियम बघायचंय ना?"

"अगं, आता केळं खाल्लंय मी."

"बाकीचं उद्या उपाशीपोटी. हा एक आकडा मला आज हवाय." तिने पट्टा बांधला, खळगीत बोट ठेवलं आणि विद्यार्थ्यांकडे वळली. "पुढे या सगळे. चष्मेवाली, तू इथे माझ्याजवळ. फोनकडे नाही, इकडे बघायचं. ही शीर. हे बघा, दाबलं की वर येते. हात लावून बघ."

तिचं बोट माझ्या हातावर टेकलेलं होतं. जरासुद्धा थरथरत नव्हतं. फोनवर आजी आता त्याच्या आजोबांपर्यंत पोचल्या होत्या, आणि घाई कसलीच नव्हती त्यांना.

"पिवळी आधी," धाकटी म्हणाली, आणि सुई आत गेली.